हातातला फिटनेस बँड कपाटात का जातो? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

नवीपेठ_पट्टेवाला:
नमस्कार मंडळी. नव्या पेठेत माझं मोबाईल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे, कव्हर, काच, चार्जर, इअरफोन असलं सगळं, आणि बँडचे पट्टे ठेवायला लागलो त्याला पण आता सात-आठ वर्षं होत आली. हा धागा काढायचं कारण मागच्या आठवड्यात आलेल्या एक काकू. पिशवीतून रुमालात बांधलेला बँड काढला, काळा, जुना, पट्ट्याच्या खाचेत कुंकू अडकलेलं. म्हणाल्या, "ह्याचा चार्जर सापडंना, मिळंल का?" मी सगळे खोके उपसले, शेवटी एक निघाला, लावला, पंधरा-वीस मिनिटांनी बँड थरथरला. काकूंना मी सहज विचारलं, किती दिवस झाले वापरून? म्हणाल्या दोन वर्षं झाली की, कपाटातच होता. का ओ काढून ठेवला, बिघडला होता का? तर म्हणाल्या, "बिघडला नव्हता रे. पण मला कळलं ना मी किती चालते ते. रोज रोज तेच काय बघायचं?"

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय. दुकानात मला लोक कारणं सांगतात ती सगळी वस्तूची असतात. पट्टा बकलाच्या भोकापाशी चिरला, लोहचुंबकवाला चार्जर हरवला, मॉडेल बदललं की चार्जर बदलतो त्यामुळे शेजाऱ्याचा लागत नाही, फोन नवीन घेतला तर ॲप जोडलं जात नाही, उन्हाळ्यात घामानं पट्ट्याखाली पुरळ आलं. खरी आहेत ही कारणं. पण शंभर रुपयाच्या पट्ट्यासाठी कुणी दोन-तीन हजाराची वस्तू टाकून देतं का? मला वाटतं तोपर्यंत मनातून बँड आधीच उतरलेला असतो, पट्टा तुटणं हे नंतरचं निमित्त. आणि याच्या उलट काही लोक एकाच बँडला माझ्याकडून तिसरा पट्टा घेऊन जातात. त्यांच्यात आणि काकूंच्यात फरक काय? मला हे खरोखर समजून घ्यायचंय, म्हणून मोकळेपणानं लिहा. कोण किती दिवस वापरला, का सोडला, का सोडला नाही.

पहाटेचा_पार्क:
चांगला धागा. मी चार वर्षं वापरतोय, रोज पहाटे पार्क स्टेडियमपाशी गाडी लावतो, तिथून चालत किल्ल्याची बाग, होम मैदान, सिद्धेश्वराच्या तळ्याकडून परत. मी सोडला नाही कारण आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, रात्री साडेनऊला प्रत्येकजण आकडा टाकतो. ज्याचा आला नाही त्याला फोन जातो, बरा आहेस ना रे म्हणून. बँड नसता तरी मी चाललो असतो बहुतेक, पण तो रात्रीचा फोन आला नसता.

फिजिओ_सातरस्ता:
पट्टेवाले, तुमचा प्रश्न जगभरात विचारला गेलाय, तुमच्या काउंटरवर दिसतंय तेच तिकडेही दिसलंय. गार्टनर या संस्थेनं २०१६ साली अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांना विचारलं होतं, त्यात फिटनेस ट्रॅकर (म्हणजे आपला हा बँडच) सोडून देणारे ३० टक्के निघाले होते, आणि कारणं काय तर उपयोग वाटेना, कंटाळा आला किंवा मोडला. सिंगापुरात तर ८०० नोकरदारांवर वर्षभर प्रयोग केला, त्याचे निकाल २०१६ सालीच लॅन्सेटच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आले. काहींना नुसता ट्रॅकर, काहींना ट्रॅकर आणि वर पैसे. पैसे चालू होते तोवर पावलं वाढली, पैसे थांबले तशी ती वाढ पण गेली, आणि वर्ष संपताना ट्रॅकर घालणारे दहातले एखाद-दुसरेच उरले होते.

म्हणून माझ्याकडे पेशंट बँड घेऊन आले की मी पहिला प्रश्न विचारते, हा आकडा कशासाठी बघताय? "फिट राहायला" असं उत्तर आलं की मला काळजी वाटते, कारण ते काही कामाचं उत्तर नाही. "डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हळूहळू वाढवायला सांगितलंय" असं म्हणाले तर तो बँड टिकतो, निदान ते काम होईपर्यंत तरी. आणि काम झाल्यावर काढून ठेवला तर मी त्याला सोडणं म्हणतच नाही. काकूंचं वाक्य मला फार शहाणपणाचं वाटलं. पण तुम्ही एक सांगितलं नाहीत, दोन वर्षांनी त्यांना चार्जर कशाला हवा होता?

नवीपेठ_पट्टेवाला:
ते विचारायचं राहूनच गेलं ताई. गर्दी होती, त्या पैसे देऊन गेल्या. आता मलाच रुखरुख लागलीय.

शेंगाचटणी:
मी सोडला. चार महिन्यांत. कारण सांगते, दहा हजार. घेतल्या घेतल्या त्यात दहा हजारांचं टार्गेट लावलेलंच होतं आणि माझ्या रोजच्या धावपळीत साडेपाच-सहाच्या वर जायचाच नाही. सकाळी डबे, मग शाळेत (मी शिक्षिका आहे, दिवसभर उभी असते पण उभं राहिलेलं ते मोजत नाही), संध्याकाळी सासऱ्यांचं पथ्याचं जेवण. रात्री झोपताना बघायचे तर अर्धवट राहिलेलं वर्तुळ. रोज नापास. वर्गातल्या पोरांना मी कधी असं रोज नापास केलं नाही ओ. एका रात्री काढला आणि टीव्हीच्या मागं ठेवला, तिथंच आहे अजून.

फिजिओ_सातरस्ता:
शेंगाचटणीताई, हे वाचून वाईट वाटलं, कारण ज्या दहा हजारांनी तुम्हाला नापास केलं तो आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेलाच नाहीये. १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं, त्या लाटेत १९६५ साली यामासा नावाच्या जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं. त्याचं नाव मानपो-केई, जपानीत अर्थ दहा हजार पावलं मोजणारं. लक्षात राहील असा गोल आकडा म्हणून नाव दिलं, तोच पुढे नियम होऊन बसला.

नंतर खरंच मोजलं तेव्हा वेगळं दिसलं. २०१९ साली अमेरिकेत जवळपास १७ हजार वयस्कर बायकांचा अभ्यास छापून आला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि फायदा वाढत वाढत साडेसात हजारांच्या आसपास जाऊन सपाट झाला. तुम्ही त्या बायकांपेक्षा कितीतरी लहान आहात, तुमचं गणित थोडं वेगळं असेल, पण साडेपाच-सहा हजार म्हणजे नापास नाही हो. टार्गेट बदलता येतं त्यात. सेटिंगमध्ये जा, सहा हजार लावा, महिन्यानं साडेसहा करा. हे दुकानात कुणी सांगत नाही ही माझी तक्रार आहे.

नवीपेठ_पट्टेवाला:
ताई, तक्रार मान्य. मी पण कधी सांगितलं नव्हतं. उद्यापासून जो बँड घेईल त्याचं टार्गेट काउंटरवरच विचारून लावून देतो.

भाकरी_आणि_बरंच:
माझं बघा काय झालं. पोरानं वाढदिवसाला घेऊन दिला, मी पण हौसेनं घातला. पहिल्या दिवशी सकाळी स्वयंपाक करून बाहेर आले तर बँडवर बाराशे पावलं. मी तर ओट्यापासून हललेच नव्हते! दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं. पीठ मळताना वाढंना, भाकरी थापायला लागले की वाढायला लागले. डाव्या हातानं परात धरलेली, उजव्यानं थापायचं, बँड उजव्या हातात. दर भाकरीला शंभराच्या आसपास पावलं. कडक भाकरीची ऑर्डर असली की आमच्याकडे साठ-सत्तर भाकऱ्या होतात, म्हणजे बसल्या जागी अर्धं अक्कलकोट.

आणि गंमत वाटेल पण उलटं पण होतं. पाणी येतं त्या दिवशी मी खालून वर दोन जिने बादल्या नेते, दहा-बारा खेपा तरी. त्याची पावलं त्यात जवळपास नाहीतच. जीव जातो तिथं शून्य आणि थापण्याचे बाराशे. मग मी पोराला म्हणलं, बाळा ह्याला माझं काम कळत नाही. आणि दुसरं म्हणजे बांगड्या. हिरव्या बांगड्या, दोन पाटल्या, त्यात हा बसायचा कुठं? सारखा काचेवर आपटायचा, हळदीकुंकवाला जायचं म्हणलं की काढायचा आणि मग घालायचं राहून जायचं. असाच गेला तो कपाटात.

फिजिओ_सातरस्ता:
मावशी, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्यात तीन दिशांची हालचाल पकडणारी बारीक चिप असते. ती पाय बघत नाही, मनगट चालताना जसं ठरावीक लयीत हलतं तसं हललं की पाऊल धरते. भाकरीची थाप लयीत असते म्हणून ती पावलं झाली. बादली धरलेला हात ताठ असतो, झुलत नाही, म्हणून जिने गेले. बाळाची गाडी ढकलताना, नाहीतर मोठ्या दुकानातली ढकलगाडी धरून चालताना पण असंच होतं. कामाच्या वेळी डाव्या हातात घालून बघा, किंवा सरळ परकराच्या नाडीला अडकवा, कमरेवर तो जास्त खरं मोजतो.

भाकरी_आणि_बरंच:
नाडीला! हे कधी सुचलंच नाही. बघते करून. पण मग तो हिरवा लाईट आणि नाडीचे ठोके?

फिजिओ_सातरस्ता:
ठोके मात्र मनगटावरच. तो हिरवा लाईट कातडीत जातो, रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला तिथलं रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा उजेड बदलतो आणि त्यावरून तो ठोके काढतो. म्हणून सैल पट्ट्यात चुकतो. आणि आपल्याकडचं एक सांगते, माझ्याकडे येणाऱ्या एका आज्जींच्या मनगटावर गोंदण आहे, तुळशीवृंदावन, अगदी दाट. बँड त्यावर बसला की ठोके दाखवायचाच नाही, घरच्यांना वाटलं आज्जींनाच काहीतरी झालं, रात्री घाबरून पळापळ. गोंदणाची शाई तो उजेड अडवते. दुसऱ्या हाताला बांधला, लगेच दिसायला लागले.

अक्कलकोटरोड_मागवाला:
आमचे टॉवेलचे माग आहेत एमआयडीसीत. मागावर काम करणाऱ्यानं हातात कडं, घड्याळ, दोरा काहीच घालायचं नाही हा माझ्या वडलांपासूनचा नियम, पट्ट्यात नाहीतर फिरत्या भागात अडकलं तर हात जातो. एका पोरानं बँड घेतला, मी म्हणलं काढ बे तो आधी. तर म्हणला अण्णा, मी दिवसभर किती चाललालोय ते मला घरी दाखवायचंय, बायको म्हणती तुम्ही नुसतं मशीनपाशी उभं असता. मग आम्ही तो बँड त्याच्या पँटच्या चोरखिशात ठेवायला लावला. बारा तासाच्या पाळीत चार मागांच्या मधे ये-जा करून त्याचे अठरा हजार झाले. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी परत अठरा. आठवड्यानं पोरगं बँड घरी ठेवून आलं. मी विचारलं काय रे? म्हणला, दाखवून झालं अण्णा, आता ती काय बोलत नाही.

मला त्याचं खरंच पटलं. बँडनं एका आठवड्यात त्याचं काम केलं. पण मला पण त्या आकड्यानं हलवलं. अठरा हजार पावलं, ती पण मे महिन्यात, बाहेर ४३-४४ आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. मी दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं वाढवली आणि दोन पंखे लावले. आधी पण मला माहीत होतं की पोरं दमतात, पण आकडा डोळ्यासमोर आल्यावर राहवलं नाही.

रात्रपाळी:
वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मी पण पाळीतच काम करतो, जागा सांगत नाही. माझं सोडायचं कारण झोप. पावलांसाठी घेतला होता पण त्यात झोपेचे मार्क असतात, गाढ झोप इतकी, हलकी इतकी, शंभरपैकी ५८. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपायचो, दिवसाची झोप तो कधी धरायचा कधी नाही. उठल्यावर बरं वाटत असायचं, मग बँड बघायचो, ५८, आणि लगेच डोकं जड. हळूहळू झोपतानाच टेन्शन यायला लागलं की आज मार्क किती पडतील. मग मधेच उठून बघायचो. तीन महिन्यांत माझी झोप खरंच बिघडली. बायकोनं एक दिवस काढून घेतला आणि लपवून ठेवला, पंधरा दिवसांत मी माणसात आलो.

फिजिओ_सातरस्ता:
दादा, याला नाव आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांनी अशाच काही पेशंटबद्दल लिहिलं, परफेक्ट झोपेच्या आकड्यामागे लागून झोप गेलेले, त्याला त्यांनी ऑर्थोसोम्निया म्हटलं. झोप नीट मोजायची तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात. मनगटावरचा बँड हालचाल आणि ठोके यावरून अंदाज बांधतो, किती वाजता झोपलात किती वाजता उठलात हे बऱ्यापैकी जमतं, गाढ-हलकी मात्र नुसता अंदाज. वहिनींनी योग्य केलं. कॅलरीचंही तसंच धरा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ ला सात यंत्रं तपासली होती, ठोके बहुतेकांचे चांगले आले पण खर्च झालेल्या कॅलरीत सगळ्यात चांगल्या यंत्राची पण सरासरी चूक २७ टक्के होती.

जुळे_सोलापूरकर:
म्हणजे मग घ्यायचाच कशाला? पायाला चालायचं कळतंच की. आमचे आजोबा रोज शेतात आठ-दहा किलोमीटर चालायचे, कुठला बँड होता?

पहाटेचा_पार्क:
आजोबांना शेतात जावंच लागत होतं दादा. आपण दारातून गाडीवर बसतो ते ऑफिसच्या दारात उतरतो. मला बँडमुळेच कळलं की सुट्टीच्या दिवशी मी हजार पावलं पण चालत नाही, मी तर स्वतःला चालणारा माणूस समजत होतो.

फिजिओ_सातरस्ता:
प्रश्न रास्त आहे. दोन्हीकडचं सांगते. २०१६ साली ४७१ तरुण लठ्ठ माणसांवर दोन वर्षांचा प्रयोग छापून आला, सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन, त्यातल्या निम्म्यांना ट्रॅकर पण. ट्रॅकरवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं आणि बिनट्रॅकरवाल्यांचं ५.९ किलो. उलटंच. मग २०२२ साली लॅन्सेट डिजिटल हेल्थमध्ये आधीच्या बऱ्याच आढाव्यांचा एकत्र आढावा आला, त्यात ट्रॅकरनं दिवसाला साधारण १,८०० पावलं वाढतात आणि किलोभर वजन उतरतं असं निघालं. म्हणजे चालणं वाढवायला मदत होते, बारीक होण्याची आशा त्याच्यावर ठेवली की पदरी निराशा येते. माझ्याकडे सोडणाऱ्यांमध्ये वजनवालेच जास्त.

पुण्यातला_सोलापुरी:
बराच वेळ नुसता वाचत होतो. माझा अनुभव थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

मी पुण्यात असतो, आई-वडील सोलापुरात, विजापूर रोडला. दोन वर्षांपूर्वी वडलांची अँजिओप्लास्टी झाली. मी घाबरून चांगल्यातला बँड आणला, त्यांच्या हातात बांधला आणि ॲप माझ्या फोनवर पण जोडलं. सकाळी अकरापर्यंत दोन हजार नाही झाले की माझा फोन जायचा. अप्पा, चालला नाहीत का? अप्पा, बरं वाटत नाही का? ते म्हणायचे चाललो रे, आत्ता निघतोच. असं दोन महिने चाललं.

मग एक दिवस आकडा येईनाच. फोन केला तर आई म्हणाली, त्यांनी काढून ठेवलाय, देवघरातल्या डब्यात. मी रागावलो, बोललो पण वाकडं. अप्पा शांतपणे म्हणाले, "पोरा, चाळीस वर्षं मी नोकरी केली, हजेरी मांडली. आता घरात पण हजेरी नको." त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाटत होतं मी त्यांची काळजी घेतोय, आणि त्यांना वाटत होतं मुलगा मुकादम झालाय.

पुढच्या वेळी सोलापूरला आलो तेव्हा त्यांच्याबरोबर संध्याकाळी कंबर तलावापर्यंत चालत गेलो. त्यांनी मला विचारलं, तू किती चालतोस रे तिकडं? मी आयटीतला, बसून असतो, दीड-दोन हजार सांगायची लाज वाटली. मग मी पण एक बँड घेतला, आणि माझा आकडा त्यांच्या फोनवर जोडून दिला. त्यांचा त्यांनी मला दाखवायचा की नाही ते त्यांच्यावर. आठ दिवसांनी सकाळी अकराला त्यांचा फोन. "काय रे, तीनशेच? बरं नाही का?" तेव्हापासून बँड त्यांनी परत घातलाय. दीड वर्ष झालं. पट्टा एकदा तुटला तर स्वतः बसनं नव्या पेठेत जाऊन बदलून आणला, कदाचित पट्टेवाल्यांकडूनच.

शेंगाचटणी:
अप्पांचा फोन वाचून डोळ्यांत पाणी आलं खरंच.

नवीपेठ_पट्टेवाला:
दादा, मी दुकानात बसल्या बसल्या दोनदा वाचलं. मी धाग्यात विचारलेला फरक मला इथं दिसतोय असं वाटतं. पार्कवाल्यांचा रात्रीचा फोन, अप्पांचा अकराचा फोन. आकड्याच्या पलीकडं कुणीतरी आहे आणि दोघं सारखे आहेत, एक तपासणारा एक तपासला जाणारा असं नाही, तिथं बँड टिकलालाय. मागवाल्या अण्णांच्या पोरासारखं एकच काम असेल तर काम संपल्यावर जातो आणि ते पण बरोबरच आहे. नुसता आपला आपण आकडा बघायचा, तो पण दुसऱ्या कुणी ठरवलेला, ते दोन-चार महिन्यांच्या वर कुणाला झेपत नाही.

एक विनंती मधेच. आता बाजारात "शुगर दाखवणारं घड्याळ" म्हणून स्वस्तातली घड्याळं आलीत, सुई न टोचता शुगर. माझ्याकडे पण एक सप्लायर घेऊन आला होता, मी ठेवली नाहीत. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितलंय की सुई न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला नाहीतर अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडाला चिकटवायचा सेन्सर असतो ती वेगळी गोष्ट, त्याचा बारीक तंतू कातडीत गेलेला असतो आणि घड्याळ नुसतं त्याचा आकडा दाखवतं. आपल्या घरात कुणी असल्या घड्याळावर बघून इन्सुलिनचं कमी-जास्त करत असेल तर आजच थांबवा. हात जोडून सांगतो.

फिजिओ_सातरस्ता:
हे लिहिलंत फार बरं केलंत. माझ्याकडचे दोन पेशंट असलं घड्याळ दाखवून गेलेत.

जुळे_सोलापूरकर:
पुरळाचं पट्टेवाल्यांनंतर कुणी लिहिलं नाही. माझ्या मुलानं बँड त्यामुळेच सोडला.

फिजिओ_सातरस्ता:
बहुतेकदा घाम आणि साबण पट्ट्याखाली अडकून होतं. रोज रात्री काढायचा, पट्टा साध्या पाण्यानं धुवायचा, हात कोरडा करून सकाळी परत, चालायची वेळ सोडून एरवी एक बोट जाईल इतका सैल. क्वचित पट्ट्याच्या मालाचीच ॲलर्जी असते, फिटबिट कंपनीनं २०१४ साली फोर्स नावाचा बँड कातडीच्या तक्रारींमुळेच परत मागवला होता. मुलाचं पुरळ पट्टा काढून पण गेलं नसेल तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.

नवीपेठ_पट्टेवाला:
मंडळी, काकू आज परत आल्या होत्या!! पट्टा सैल होतोय म्हणून. मी त्यांना आधी बसवलं, चहा मागवला आणि विचारलंच, काकू, दोन वर्षांनी चार्जर कशाला पाहिजे होता?

तर म्हणाल्या, नातीच्या बाळंतपणाच्या वेळी तुळजापूरला चालत येईन असं बोलल्या होत्या. सगळं सुखरूप झालं, आता कोजागिरीला जायचंय. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, वय त्रेसष्ट. बरोबर त्यांच्या जाऊबाई, त्या साठच्या. दोघी रोज संध्याकाळी तळ्याला चकरा मारलालेत, आणि बँड एकच, तो एक दिवस ह्यांच्या हातात, एक दिवस जाऊबाईंच्या. पहिल्या दिवशी चार हजारात पाय भरून आले म्हणाल्या, काल अकरा हजार झाले. मी म्हणलं काकू, तुम्हाला तर कळलं होतं ना किती चालता ते? म्हणाल्या, "तेव्हा किती चालते ते बघत होते. आता किती पोचते ते बघायचंय."

पट्ट्याला मी दोन भोकं आत पाडून दिली. पैसे घेतले नाहीत. फिजिओताई, यांच्यासाठी काही सांगाल का? अजून पाच आठवडे आहेत.

फिजिओ_सातरस्ता:
नक्की. रोज वाढवू नका म्हणावं, आठवड्याला थोडं थोडं, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम. एक दिवस लांबचं चालायचं, बाकी दिवस कमी. ज्या चपला घालून जाणार त्याच आत्तापासून घाला, नवीन कोऱ्या त्या रात्री नकोत. त्या रात्री आकडा साठ हजाराच्या वर जाईल, तो बघून घाबरू नका आणि तो गाठायच्या मागं पण लागू नका, दर तासाला बसायचं, पायात पेटके आले तर थांबायचं. निघायच्या आधी दोघींनी एकदा बीपी, शुगर डॉक्टरांकडे तपासून घ्या. मला भेटायचं असेल तर येऊ द्या, फी नाही.

पहाटेचा_पार्क:
आमचा ग्रुप दरवर्षी कोजागिरीला जातो. माझा स्वतःचा अनुभव, जीपीएस चालू ठेवलं तर बँड वाटेतल्या तामलवाडीच्या पुढे टिकत नाही, दोनदा तिथंच बंद पडला. नुसती पावलं चालू ठेवायची, जीपीएस बंद, मग सकाळपर्यंत जातो. काकू किती वाजता निघणार?

नवीपेठ_पट्टेवाला:
संध्याकाळी सहाला रूपाभवानीच्या देवळापासून म्हणाल्यात. उन्हं उतरल्यावर.

पहाटेचा_पार्क:
आम्ही सातला निघतो, पण यंदा सहाला निघू. दोघींना सांगा आम्ही सहा जण आहोत, पाणी आणि ओआरएस आमच्याकडे असेल, त्यांच्या वेगानं चालू.

भाकरी_आणि_बरंच:
मी पण येते. किती जणांच्या भाकरी बांधायच्या तेवढं कळवा, शेंगाची चटणी आहेच.